चालंल, बघू, गेलं

गॅरेजमध्ये किस्से साठतात ते पाइपाच्या जुन्या क्लिपांसारखे. मुद्दाम कुणी जमवत नाही. काम झालं की उरलेली क्लिप डब्यात टाकायची, आणि एक दिवस डबा उचलायला जावं तर हात खालीच ओढला जातो! मला आमच्या गॅरेजमध्ये पंचवीस वर्षं झाली. डबा आता दोघांनी मिळून उचलायचा झालाय. म्हटलं, थोडा रिकामा करू.

गॅरेज लोणावळ्यात, वलवणच्या फाट्याजवळ, जुन्या हायवेला लागून. मालक आबा. मूळचे आंदर मावळातले, वय सत्तरीला टेकलेलं, बोलणं अजून गावाकडचंच. मी वायरिंगवाला. हॉर्न, सेल्फ, ब्लोअर, जिथे वायर तिथे मी. तिसरा हणमंता, इंजिनवाला. माझ्याच वयाचा, हाताला चांगला, पण घाई एवढी की चहासुद्धा उभ्याने आणि पोळत पितो.

आबांची एक पद्धत आहे. इंजिन खोललं की निघालेला प्रत्येक पार्ट धुऊन ताडपत्रीवर मांडायचा. मग आबा चष्मा लावून, पिवळा पेंट मार्कर घेऊन बसतात. पार्ट हातात घेतात, दाबतात, वाकवतात, उजेडात धरतात आणि त्यावर तीनपैकी एक शब्द लिहितात. परत वापरण्यासारखा असेल तर ‘चालंल’. शंका असेल तर ‘बघू’. टाकाऊ असेल तर ‘गेलं’. ज्यावर ‘गेलं’ लिहिलं तो पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचाच, हाही नियम. ‘त्येचा हाय, त्येला द्या. आपन काय भंगारवाले न्हाई!’

त्यातही हीटरच्या पार्टांवर त्यांचा विशेष जीव. बाकीच्या गॅरेजांत इंजिन खोलताना हीटरचे पाइप काढतात आणि कोपऱ्यात भिरकावतात. आमच्याकडे त्यांना ताडपत्रीवर पहिल्या रांगेत जागा!

*

एक मुंबईचे साहेब गाडीचं काम कुठवर आलंय ते बघायला आले. ताडपत्रीवर त्यांच्या हीटरचा होस पाइप पडला होता. त्यावर पिवळ्या अक्षरांत ‘गेलं’.

साहेब दचकले. ‘गेलं? कुठे गेलं?’

हणमंता म्हणाला, ‘पाइप गेला साहेब.’

‘अहो, पण हा तर इथेच आहे!’

‘हितंच हाय, पण गेलाय.’

साहेबांनी आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग बाजूला जाऊन बायकोला फोन लावला आणि हळूच म्हणाले, ‘अगं, लोक चांगले आहेत, पण काहीतरी गडबड आहे.’

काम झाल्यावर आबांनी तोच पाइप पिशवीत घालून त्यांच्या हातात दिला. साहेब बघतच राहिले. ‘म्हणजे आता परत आला?’

*

आंदर मावळातले किसनभाऊ आपली जीप घेऊन आले. इंजिनचं काम होतंच, त्यात हीटरचा ब्लोअर म्हणजे गरम हवा ढकलणारा पंखा बंद. ब्लोअर माझ्या खात्यातला. मी तो काढला, टेबलावर ठेवला आणि बॅटरीच्या दोन वायरी जोडल्या. आबा पुढून वाकून पंख्याची पाती तपासत होते.

फर्रर्र! आतून सालीसकट भाताचा फवारा उडाला! भात, चिंध्या आणि वर्तमानपत्राचे तुकडे. आबांच्या चष्म्यावर, मिशीत, कानात भातच भात. उंदरांनी आत चांगली कणगी भरून ठेवली होती.

दुसरा कुणी असता तर माझ्यावर ओरडला असता. आबांनी मिशीतला एक दाणा काढला, दाताखाली धरला आणि म्हणाले, ‘इंद्रायणी हाय.’

किसनभाऊंनीही एक दाणा उचलला. ‘आबा, ह्ये तर माज्याच खाचरातलं! म्या म्हनतोय पोत्यातलं भात कमी कसं व्हतंय!’

आबांनी ब्लोअरवर ‘चालंल’ लिहिलं आणि सगळा भात झाडून जुन्या पार्टांच्या पिशवीत भरून किसनभाऊंच्या हातात दिला. नियम म्हणजे नियम!

पुढच्या दिवाळीनंतर किसनभाऊ तांदळाचं गाठोडं घेऊन हजर. ‘आबा, तुमचे जुने पार्ट पेरले व्हते. लय झ्याक उगावले!’

*

आता बायपासचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच अडतं.

हीटरच्या पोटात एक कॉइल असते. वहीएवढा छोटा रेडिएटर समजा. इंजिनचं गरम पाणी एका पाइपाने त्यात जातं, दुसऱ्याने परत येतं. कॉइल तुंबली किंवा गळायला लागली की बहुतेक गॅरेजवाले सोपी वाट धरतात. दोन्ही पाइपांची तोंडं एकमेकांना जोडून टाकतात. पाणी कॉइलकडे जातच नाही. गळती बंद, हीटरही कायमचा बंद. याला म्हणायचं बायपास मारणं.

आबांना या शब्दाचा मनस्वी राग. ‘बायपास म्हंजे लबाडी! पार्ट बरा करायचा सोडून रस्ता वळवायचा, ह्ये काय काम झालं?’

गिऱ्हाईक म्हणायचं, ‘आबा, लोणावळ्यात एवढी थंडी कुठे असते? हीटर हवाय कशाला?’

‘हीटर थंडीला न्हाई, काचंला लागतो! धुक्यात आतून काचंनं वाफ धरली, मंग हातानं पुसून पुसून गाडी चालिवनार व्हय? म्होरचा दिसला पायजे!’

एकदा आबा उर्स्याला लग्नाला गेले होते. तेवढ्यात हणमंताने एका गाडीच्या हीटरला गुपचूप बायपास मारला. आबा आले. पावसाळी हवा होती. गाडीत बसले, काचा वर केल्या, इंजिन चालू केलं आणि हीटरचं बटण फिरवून शांत बसून राहिले. पाच मिनिटांत समोरची काच आतून पांढरीफटक! हीटर असता तर साफ झाली असती.

आबांनी त्या काचेवर आतून बोटाने काहीतरी लिहिलं. हणमंता बाहेर उभा. त्याला अक्षरं उलटी दिसत होती. त्याने मान वाकडी केली, मग दुसऱ्या बाजूला केली. शेवटी मला विचारलं, ‘काय लिवलंय रं?’

मी म्हटलं, ‘गेलं.’

‘हीटर?’

‘नाही. तू!’

*

मागच्या वर्षी डॉक्टर आले. पुण्यात हृदयाची ऑपरेशनं करणारे मोठे सर्जन, आणि वलवणला त्यांचा छोटा बंगला. वडिलांची जुनी गाडी त्यांनी जिवापाड जपलेली. तिचं इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधायचं होतं.

हीटरची कॉइल ताडपत्रीवर पडलेली पाहून डॉक्टर सहज म्हणाले, ‘आबा, हिच्यात वेळ घालवू नका. बायपास करून टाका.’

मी आणि हणमंता एकदम दोन पावलं मागे सरलो.

आबांनी चष्मा काढला. ‘डाक्टर, तुमाला बायपास म्हंजे काय ठावं हाय का?’

‘अहो, मी रोज करतो!’

‘कुनाच्या गाडीला?’

‘गाडीला नाही. माणसांना. छातीत!’

आबांनी चष्मा परत लावून त्यांना नीट न्याहाळलं. मग अगदी कळवळून म्हणाले, ‘एवढं शिकलेसवरलेले तुमी. शोभतं व्हय?’

*

त्याच दिवशी डॉक्टर चहा पीत बसलेले असताना आबा गाडीखालच्या खड्ड्यातून वर आले आणि छातीवर हात ठेवून टायरवर बसले. आम्हाला त्यात नवं काही वाटलं नाही. सहा महिने ते असेच बसत होते. ‘पित्त हाय’ म्हणायचे, आम्ही सोडा आणून द्यायचो. डॉक्टरांनी मात्र कप खाली ठेवला, आबांची नाडी धरली आणि तपासणीसाठी त्यांना आपल्याबरोबरच पुण्याला घेऊन गेले.

हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. गोळ्यांनी भागेल किंवा आत स्प्रिंग बसेल अशी परिस्थिती राहिली नव्हती. डॉक्टरांनी स्वतः गॅरेजला येऊन आबांना समोर बसवलं आणि सांगितलं, ‘आबा, बायपास करावा लागेल. आणि फार दिवस थांबता येणार नाही.’

आबा उठले. ‘न्हाई.’

‘आबा, जिवाचा प्रश्न आहे.’

‘जल्मात कुनाच्या गाडीला बायपास मारला न्हाई, आन आता सवताला मारून घेऊ?’

आम्हाला आधी हसू आलं. मग आबांचा चेहरा पाहिला आणि कळलं, माणूस चेष्टा करत नाहीये. पंचवीस वर्षं दुपारी ज्याच्या डब्यातलं कालवण मी ओरपलं, तो माणूस एका शब्दापायी जाणार की काय!

काकी म्हणजे आबांची बायको गॅरेजपर्यंत आली. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर कडाडली, ‘लोकांची इंजनं खोलताना लय जोर येतो! सवताचं खोलायचं म्हनलं की न्हाई!’ आणि पदराने डोळे पुसत तशीच घरी गेली.

आबा ढिम्म.

*

उलट आबांनीच डॉक्टरांना शिकवायला घेतलं!

‘नळ्या तुंबल्यात ना? मंग फ्लश मारा. आदी बरं करून तरी बघा.’

‘माणसाच्या नळ्या अशा धुता येत नाहीत आबा.’

‘तुमी कदी करून बघितलं न्हाई.’

आबांनी डॉक्टरांचीच कॉइल घेतली. जड काम हणमंता करत होता, आबा खुर्चीत बसून हुकूम सोडत होते. गरम पाणी, औषध, उलट्या बाजूने पाण्याचा झोत. पहिल्या दिवशी विटकरी पाणी आलं, दुसऱ्या दिवशी चहाच्या रंगाचं, तिसऱ्या दिवशी स्वच्छ. मग एक तोंड बंद करून दुसरीकडून पंपाने हवा भरली आणि कॉइल पाण्याच्या टबात बुडवली. बुडबुडा येतो का ते बघायचं. एकसुद्धा आला नाही.

आबांनी तिच्यावर ऐटीत ‘चालंल’ लिहिलं आणि रविवारी डॉक्टर आल्यावर त्यांच्या पुढ्यात ठेवली. ‘ह्ये बघा. तुमी हिला बायपास मारनार व्हता.’

डॉक्टरांनी कॉइल हातात घेऊन फिरवून पाहिली. ‘मान गए आबा. पण माणसाला हे जमत नाही.’

‘मंग तुमचं शिक्षान कमी पडलं.’

आबांच्या तोंडावर घाम आला होता. बाहेर तर गारवा होता.

*

डॉक्टर त्या दिवशी गेलेच नाहीत. तिथेच स्टुलावर बसून राहिले. मला वाटतं, त्यांचंही आबांवर मन जडलं होतं.

आता कॉइल तयार होती, पण इंजिनकडून तिच्यापर्यंत जाणारा होस पाइप फुगून मऊ पडला होता. आबांनी तो दाबला, ‘गेलं’ लिहिलं. तसल्या वळणाचा पाइप बाजारात मिळत नव्हता. हणमंता लोणावळा, तळेगाव, पुणं, सगळीकडे विचारून आला होता.

आबांनी ताडपत्रीवर नजर फिरवली. त्याच गाडीचा एक दुसरा पाइप होता, ऐसपैस लांब. त्यांनी तो बोटभर अंतरावर दाबत दाबत तपासला, वाकवून चिरा पाहिल्या, आतून उजेड पाहिला. मधला एक तसल्याच वळणाचा तुकडा मापाने कापून घेतला. उरलेली दोन टोकं जोडून त्याची सोय लावली. कापलेला तुकडा कॉइलच्या पाइपाच्या जागी धरून पाहिला. चपखल!

डॉक्टर स्टुलावरून उठले. ‘आबा, हे काय केलंत?’

‘काय केलं? त्याच गाडीचा चांगला पाइप. जितं लय नड न्हाई तितनं काडला, जितं नड हाय तितं लावला.’

‘अहो आबा!’ डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. ‘मी हेच करतो!’

‘काय?’

‘हेच! पायातली चांगली नळी काढतो. पायाचं तिच्यावाचून भागतं. ती छातीत लावतो. यालाच आम्ही बायपास म्हणतो!’

आबांचा हात थांबला. ‘म्हंजे नवा पार्ट आनत न्हाई?’

‘नाही. जुनाच. तुमचाच.’

‘तपासून घेता?’

‘एक टोक बंद करायचं, दुसरीकडून पाणी भरून फुगवायची. कुठे गळते का बघायचं. गळत असेल तर आधी तिथे बांधून घ्यायचं.’

हणमंता माझ्या कानात पुटपुटला, ‘टबात बुडवत न्हाईत का?’ मी त्याला कोपर मारलं.

आबांनी चष्मा पुसला. पुन्हा लावला. ‘क्लिप कुटली मारता?’

‘क्लिप नाही. शिवतो.’

‘मशिनीनं?’

‘हाताने. केसाएवढ्या बारीक दोऱ्याने.’

आबा डॉक्टरांच्या हातांकडे बघत राहिले. एखादा पार्ट बघावा तसे, आधी पंजा, मग बोटं. मग आबांनी तो पाइपाचा तुकडा उचलला, त्यावर ‘चालंल’ लिहिलं आणि डॉक्टरांकडे न बघताच म्हणाले,

‘बघू.’

हणमंता धावत काकीला सांगायला गेला. आमच्याकडे ‘गेलं’वरून ‘बघू’वर आलेला पार्ट आजवर एकही नव्हता!

*

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्ही इस्पितळात बाकावर बसलो होतो. काकी, हणमंता आणि मी. आतून एक सिस्टर तरातरा बाहेर आली.

‘पेशंटच्या अंगावर पिवळं पिवळं कुणी लिहिलंय?’

काकीने कपाळावर हात मारला. तिला न विचारताच कळलं, आबांनी चष्म्याच्या डबीत लपवून मार्कर आत नेला होता ते.

‘काय लिहिलंय?’ मी विचारलं.

‘उजव्या पायावर “गेलं”. डाव्या पायावर “चालंल”. आणि छातीवर “बघू”!’

हणमंता गंभीरपणे म्हणाला, ‘सिस्टर, त्ये साबनानं जायाचं न्हाई. पेट्रोल लागतं.’

मागून डॉक्टर आले. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि ते कोड्यातही पडले होते. ‘काल पायांची सोनोग्राफी करून आम्हीसुद्धा नळी डाव्या पायातलीच घ्यायची ठरवलंय. यांना कुणी सांगितलं?’

कुणीच सांगितलं नव्हतं.

पुढचे पाच तास मी तुम्हाला सांगू शकत नाही. हणमंताने त्या पाच तासांत एकही चहा घेतला नाही, एवढंच सांगतो.

दुपारी डॉक्टर टोपी काढत बाहेर आले आणि काकीला म्हणाले, ‘झालं. एक थेंब गळती नाही.’ काकी रडली. हणमंता रडला. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

घरी सोडायच्या दिवशी आबांच्या हातात इंग्रजीत लिहिलेले पाच कागद पडले. आबांनी ते उलटसुलट करून परत दिले. ‘डाक्टर, एवढं कशाला? एका शब्दात लिवा की.’

डॉक्टरांनी पेन काढलं. आम्ही तिघंही मान पुढे करून बघायला लागलो. त्यांनी कागदाच्या तळाला ठसठशीत मराठीत लिहिलं: ‘बघू’.

काकीचा चेहरा उतरला. आबा मात्र खूश! ‘तीन म्हयने गाडी चालवून बघितल्याबिगर सांगायचं न्हाई. आता तुमी मेकॅनिक झालात.’

*

तीन महिने झाले. रविवार होता. बाहेर धुकं आणि बारीक बुरबुर. डॉक्टर आपली गाडी चालवत पुण्याहून थेट गॅरेजला आले. गॅरेजमध्ये गिऱ्हाइकांची गर्दी. आबांना तपासायचं कुठे? डॉक्टर म्हणाले, ‘चला, गाडीतच बसू.’

आबा ड्रायव्हरच्या जागी, डॉक्टर शेजारी. काचा वर. डॉक्टरांनी कानात नळ्या घातल्या आणि आबांच्या छातीवर टेकवल्या. आम्ही बॉनेटपुढे उभे. हणमंता, मी, आणि भाकरीचा डबा घेऊन आलेली काकी. सुरुवातीला आतलं दिसत होतं. मग दोघांच्या श्वासाने काच हळूहळू पांढरी होत गेली आणि शेवटी काहीच दिसेना.

काकी पुटपुटली, ‘एवढा येळ का लागतोय?’

तेवढ्यात काचेवर आतून एक बोट टेकलं. डॉक्टरांचं. ते सावकाश काहीतरी लिहायला लागलं.

‘उलटं हाय!’ हणमंता ओरडला. त्याने मान डावीकडे वाकवली, उजवीकडे वाकवली. मी चष्मा शोधायला लागलो. काकीने डबा माझ्या हातात कोंबला आणि बॉनेटवर ओणवी झाली.

आणि आबांनी आत चावी फिरवली. हीटर लावला. इंजिन गरमच होतं. ब्लोअरचा आवाज आला, काच खालून साफ व्हायला लागली आणि एकही अक्षर लागायच्या आत सगळं पुसलं गेलं! मागे दोन चेहरे दिसले. डॉक्टर रुमालाने बोट पुसत होते. आबा काचेकडेच बघत मिशीत हसत होते.

‘आबा!’ हणमंता कळवळला. ‘काय लिवलं व्हतं? आमाला वाचता आलं न्हाई!’

आबांनी बाजूची काच खाली केली.

‘मला आलं की रं!’